इंजिनचे हेड बोल्ट 'हाताच्या अंदाजाने' का आवळू नयेत?

गाडी सारखी गरम होतेय, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, कूलंट कमी होतंय... आणि मेकॅनिक सांगतो, 'हेड गॅस्केट गेलंय.' नवं गॅस्केट बसतं, बिलही भरलं जातं. पण काही दिवसांतच पुन्हा तोच त्रास सुरू होतो. अशा वेळी दोष गॅस्केटचाच असतो असं नाही. बोल्ट आवळण्याची पद्धतही चुकलेली असू शकते.

हेड बोल्ट करतात काय?

इंजिन ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्यामध्ये गॅस्केट असतं. सिलिंडरमधला दाब, कूलंट आणि ऑइल या तिघांना ते वेगळं ठेवतं. हेड बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो, अगदी स्प्रिंगसारखा. या ताणामुळेच हेड ब्लॉकवर दाबून बसतं. ताण कमी पडला तर गॅस्केट गळतं आणि जास्त झाला तर बोल्ट तुटतो किंवा ब्लॉकमधले आटे जातात.

योग्य पद्धत कोणती?

- इंजिन थंड असतानाच काम करायचं. दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ हवेत आणि हेड वाकलेलं नाही ना, हे पट्टी आणि फीलर गेजने तपासायचं.
- साधारणपणे मधल्या बोल्टपासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जायचं. नेमका क्रम मात्र त्या इंजिनच्या मॅन्युअलमधलाच पाळायचा. खोलताना क्रम उलटा, म्हणजे बाहेरून आत.
- पूर्ण टॉर्क एका दमात द्यायचा नाही. मॅन्युअलमध्ये दिलेल्या टप्प्यांनुसार तो वाढवायचा.
- क्लिक होणारा टॉर्क रेंच असेल तर पहिल्या 'टक'ला थांबायचं. आणखी एक झटका म्हणजे जास्तीचा टॉर्क.

चुका कुठे होतात?

ऑइल: बोल्टवर लावलेला बहुतांश जोर घर्षणातच खर्च होतो, ताणासाठी साधारण १० टक्केच उरतो. त्यामुळे कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क ऑइल लावलेल्या बोल्टला दिला, तर तो गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

भोकात साचलेलं ऑइल किंवा पाणी: तळ बंद असलेल्या भोकात द्रव राहिला, तर बोल्ट आवळताना त्याला बाहेर पडायला वाट नसते. त्या दाबाने ब्लॉकला तडाही जाऊ शकतो.

एककांचा घोळ: ५० फूट-पाउंड म्हणजे सुमारे ६८ न्यूटन-मीटर. फूट-पाउंडमधला आकडा न्यूटन-मीटर समजून लावला, तर टॉर्क जवळपास एक चतुर्थांश कमी पडतो.

जुने बोल्ट पुन्हा वापरणं: अनेक आधुनिक इंजिनांत ठरावीक टॉर्कनंतर बोल्ट आणखी काही अंश, उदाहरणार्थ ९० अंश, फिरवायचा असतो. यातले बरेच बोल्ट कायमचे ताणले जातात. 'पुन्हा वापरू नका' अशी सूचना असेल, तर नवेच घ्यायला हवेत.

गॅरेजमध्ये काय विचाराल?

टॉर्क रेंच वापरणार का? आकडा आणि क्रम याच मॉडेलच्या मॅन्युअलमधला आहे का? बोल्ट नवे लागणार का? काम सुरू होण्याआधीच हे तीन प्रश्न विचारा. नव्या बोल्टचा खर्च इंजिन दुसऱ्यांदा उघडण्यापेक्षा नक्कीच कमी असतो.