डेमोनिक रिझरेक्शन : एका फडाचा इतिहास

थ्रॅश मेटल बँडचा इतिहास बहुधा हजेरीपटासारखा लिहिला जातो. अमुक साली कोण आला, तमुक साली कोण गेला. १९८३ मध्ये मेटॅलिकातून काढून टाकलेल्या डेव्ह मस्टेनने मेगाडेथ उभा केला. पुढे त्यात इतके वादक आले-गेले की आरंभापासून टिकलेला तो एकटाच. २००२ मध्ये बँड मोडला आणि २००४ मध्ये त्याच नावाने पुन्हा उभा राहिला. अशा वेळी बँड म्हणजे नेमके काय, नाव की माणसे?

या प्रश्नासाठी कॅलिफोर्नियाला जाण्याचे कारण नाही. साहिल मखिजा याने २००० साली मुंबईत स्थापन केलेला डेमोनिक रिझरेक्शन पुरेसा आहे. तो काटेकोर अर्थाने थ्रॅश नव्हे. डेथ आणि ब्लॅक मेटलला कीबोर्डच्या भव्य सुरावटींची जोड देणारा. परंतु सदस्यबदलाची कहाणी तीच. २०१० च्या ‘द रिटर्न टू डार्कनेस’मध्ये डॅनियल रेगोची गिटार आणि हुसेन बंदूकवालाचा बेस आहे, २०१४ च्या ‘द डेमन किंग’मध्ये त्यांच्या जागी निशित हेगडे आणि अश्विन श्रियान. गायक मखिजा, कीबोर्डवर मेफिस्टो, ड्रमवर वीरेंद्र कैथ.

मराठी वाचकाला ही रचना परकी वाटू नये. आमच्या मोरगाव-बारामतीकडे फड म्हटला की उसाचा आठवतो तसाच तमाशाचाही. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी यात्रेच्या सुपाऱ्या देतात, त्या फडाच्या नावावर. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर २००२ मध्ये गेल्या, तरी त्यांच्या नावाचा फड चालत राहिला. ढोलकीवाला बदलला म्हणून कोणी सुपारी परत घेत नाही. मात्र त्या ढोलकीवाल्याचे नावही कोणी लिहून ठेवत नाही, आणि येथेच आमची हरकत आहे. (वाङ्मयेतिहासही याबाबतीत फारसा निर्दोष नाही. नियतकालिकांचे इतिहास संपादकांच्या नावाने लिहिले जातात.)

कारण माणूस बदलतो तेव्हा नाद बदलतो. मेफिस्टो बाहेर पडल्यानंतर, २०१७ मध्ये, ‘दशावतार’ हा अल्बम आला. दहा गीते, मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराला एक. शब्द इंग्रजी, विषय पुराणातला. पूर्वी कीबोर्डने व्यापलेल्या अवकाशात येथे भारतीय वाद्यांचे स्वर शिरतात. या बदलाचे श्रेय समीक्षक सहजच मखिजाच्या परिपक्वतेला देतील. आमच्या मते ते निम्मेच खरे आहे. रिकाम्या झालेल्या जागेनेही तो अल्बम घडवला. कोकणातील दशावतारी मंडळींना हे सांगावे लागत नाही. तेथे लिखित संहिता नसते, संवाद नट आयत्या वेळी रचतो. त्यामुळे संकासुर करणारा बदलला की संकासुरच बदलतो.

२०१० मध्ये ‘मेटल हॅमर’ या ब्रिटिश मासिकाचा ‘ग्लोबल मेटल’ पुरस्कार या बँडला मिळाला. तो बँडच्या नावावर नोंदला गेला आहे. त्या वर्षीच्या ध्वनिमुद्रणातील बेस हुसेन बंदूकवालाचा होता.