व्हिडिओ गेम, धर्मनिष्ठा आणि अमेरिकी राजकारण (१९९३–२०११)

व्हिडिओ गेममधील हिंसेला अमेरिकेतील धार्मिक परंपरावाद्यांनी केलेला विरोध म्हणजे रिपब्लिकन पक्षाचेच राजकारण, असे सामान्यतः मानले जाते. घटनाक्रम पाहता हे मत अपुरे ठरते. डिसेंबर १९९३ मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’सारख्या खेळांविषयी सिनेटमध्ये सुनावणी घडवून आणणारे जोसेफ लीबरमन हे धर्मनिष्ठ ऑर्थोडॉक्स ज्यू होते; पक्षाने मात्र ते त्या वेळी डेमोक्रॅट होते. कायद्याचे बंधन टाळण्यासाठी खेळनिर्मात्यांनी १९९४ मध्ये वयोगटनिहाय वर्गीकरण स्वतःच स्वीकारले.

२००५ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने अल्पवयीनांना हिंसक खेळ विकण्यास मनाई करणारा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो ७ विरुद्ध २ मतांनी घटनाबाह्य ठरविला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया श्रद्धाळू कॅथलिक व परंपरावादी होते. मुलांच्या परीकथांतही हिंसा असतेच, याकडे त्यांनी लक्ष वेधले. तितकेच परंपरावादी व कॅथलिक असलेल्या न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी मात्र विरोधी मत नोंदविले. पालकांना डावलून मुलांशी संवाद साधण्याचा हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

तात्पर्य, पालकांचा अधिकार आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य यांच्या संघर्षात एकाच श्रद्धेची माणसे परस्परविरुद्ध बाजूंना उभी राहिली. म्हणून श्रद्धेवरून राजकीय भूमिकेचे अनुमान करणे अभ्यासकांनी टाळावे.