कमानीचे भाग : इटालियन संज्ञांचे मराठी पर्याय

शिरवळची बौद्ध लेणी अखंड कातळात कोरलेली असल्याने तेथे दगडाला दगड जोडण्याचा प्रश्नच नाही. चर्चच्या रचलेल्या कमानीत मात्र प्रत्येक भागाला नाव लागते.

इटालियन ‘क्यावे दी व्होल्ता’, शब्दशः कमानछताची किल्ली, यास आम्ही ‘कळीचा दगड’ म्हणतो. ‘कोनशिला’ म्हटल्यास अर्थ बिघडतो. स्तोत्र ११८ मधील, बांधणाऱ्यांनी नाकारलेली कोनशिला कोपऱ्यात दोन भिंती सांधते. कळीचा दगड माथ्यावर सर्वांत शेवटी बसतो आणि तोवर कमान लाकडी साच्यावर, म्हणजे ‘चेंतिना’वर, तोललेली असते.

‘लूचे’ म्हणजे प्रकाश. आपला शब्द ‘गाळा’. ‘फ्रेच्चा’ म्हणजे बाण. फारसीतून आलेल्या ‘कमान’ शब्दाचा मूळ अर्थ धनुष्य, तेव्हा बाण शोभलाही असता. पण गवंड्याला ‘कमानीची उंची’च कळेल.