मुंबईत आखलेली आफ्रिकेची सफर

आफ्रिकेच्या अंतर्भागात प्रवास करावयाचा म्हणजे आधी मनुष्यबळ, मग मालवाहतूक आणि सर्वांत शेवटी वाट, असा बंदोबस्ताचा क्रम एकोणिसाव्या शतकात ठरून गेला होता. आणि ज्या प्रवासाने त्या खंडाच्या इतिहासात सर्वाधिक कीर्ती मिळविली त्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या सफरीच्या माणसा-जनावरांची बरीचशी तजवीज लंडनमध्ये किंवा झांझिबारात नव्हे, तर आपल्या मुंबईत झाली, ही गोष्ट मराठी वाचकांच्या फारशी ध्यानात नसते.

लिव्हिंग्स्टन मुंबईस प्रथम आला तो १८६४ च्या जून महिन्यात, ‘लेडी न्यासा’ नावाची आपली लहानशी आगबोट स्वतः हाकारीत, झांझिबारहून सुमारे अडीच हजार मैलांचा समुद्र ओलांडून. बोट विकावी व त्या पैशावर पुढील मोहीम उभारावी असा त्याचा मनसुबा होता. पुढल्या वर्षी विक्री झालीही. परंतु मुंबईत शेअरबाजाराच्या उन्मादाचे आणि मागोमाग आलेल्या दिवाळखोरीचे ते दिवस असल्यामुळे, ज्या बँकेत त्याने हे सुमारे २,३०० पौंड गुंतविले तिच्यासह ती रक्कमही बुडाली. अनेक भाटिया व पारशी पेढ्यांच्या दुःखात एका मिशनऱ्याच्या दुःखाची भर पडली, इतकेच.

रक्कम बुडाली तरी मुंबई सरकारची मेहेरबानी शाबूत होती. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी मरीन बटालियनचे १३ शिपाई त्याच्या दिमतीस दिले, आणि झांझिबारच्या सुलतानास नजराणा म्हणून पाठवावयाच्या ‘थूल’ नावाच्या जहाजावर जागा करून दिली. लिव्हिंग्स्टन विलायतेस जाऊन परत येईपर्यंतच्या मधल्या काळात चुमा आणि विकातानी हे त्याच्या आश्रयाचे दोन याओ जमातीचे मुलगे डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेत शिकत होते. सुसी आणि अमोदा हे त्याचे बोटीवरचे सोबती गोदीत मजुरी करीत होते. याखेरीज नाशिकजवळच्या शरणपूर येथून नऊ तरुण त्याने निवडले. अरबांच्या गलबतांवरून इंग्रजी युद्धनौकांनी सोडविलेली आफ्रिकी मुले चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रयाला येत, आणि तेथे अक्षरओळखीबरोबर सुतारी-लोहारीसारखे धंदे शिकत. नाशिककर आज शरणपूर रोडवरून दिवसातून दहा वेळा जातात. त्या नावामागे गुलामीतून सोडविलेल्या आफ्रिकी लोकांच्या वस्तीचा इतिहास आहे, याची आठवण त्यांतल्या कितीजणांना असेल, कोण जाणे.

या योजनेचे सर्वांत धाडसी अंग जनावरांचे होते. आफ्रिकेच्या त्या भागात ओझी माणसांच्याच डोक्यावरून जात, याचे कारण दारिद्र्य वा आळस नसून त्सेत्से माशी हे होते. तिच्या दंशाने बैल, घोडे आणि गाढवे झिजून मरत, आणि म्हणून हमालांच्या तांड्याशिवाय व्यापार, मिशन किंवा शिकार यांपैकी काहीच शक्य नव्हते. लिव्हिंग्स्टनने असा तर्क बांधला, की हिंदुस्थानातील म्हैस आफ्रिकेतील रानरेड्याच्या जातीची असल्यामुळे कदाचित या विषास दाद देणार नाही. म्हणून सहा उंट, तीन म्हशी व एक रेडकू, दोन खेचरे आणि चार गाढवे असा लवाजमा १८६६ च्या मार्चमध्ये मिकिंडानीच्या किनाऱ्यावर उतरला. प्रयोगाची मांडणी उत्तम होती. तो ज्यांच्या हाती सोपविला ते हात मात्र तसे नव्हते. शिपायांनी जनावरांवर अतिरिक्त ओझी लादली, त्यांना बेदम मारले, आणि काही महिन्यांतच तो कळप नामशेष झाला. तो माशीने मेला की काठीने, हे ठरविणे त्यामुळे अशक्य झाले. त्याच वर्षी शिपायांना परत पाठविण्यात आले. त्याच्या तांड्यातले जोहाना बेटाचे दहा जण पळून गेले व साहेब मारला गेल्याची खोटी वार्ता त्यांनी किनाऱ्यावर पसरविली. १८६७ च्या जानेवारीत एका काळजीपूर्वक वागणाऱ्या हमालाने आपले ओझे दुसऱ्याशी क्षणभर बदलले, आणि औषधांची पेटी घेऊन तो दुसरा अरण्यात नाहीसा झाला. लिव्हिंग्स्टनने त्या दिवशी आपल्याला मृत्युदंड मिळाल्याची भावना रोजनिशीत नोंदविली, आणि पुढल्या सहा वर्षांनी ती खरी ठरविली.

१८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी, बांगवेउलू सरोवराच्या दक्षिणेस चितांबो नावाच्या प्रमुखाच्या गावी तो मरण पावला. येथवरची कहाणी बहुतेकांस ठाऊक असते. परंतु सफरीच्या बंदोबस्ताचे खरे कौशल्य पाहावयाचे असेल तर ते यापुढल्या नऊ महिन्यांत पाहावे, असे माझे मत आहे. चुमा व सुसी यांनी सर्वांस एकत्र बसवून प्रेत समुद्रापर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. वास्तविक मुडदा घेऊन परमुलुखातून जाणे म्हणजे प्रत्येक गावाशी वैर ओढवून घेणे होते. झांझिबारला एका डॉक्टरकडे चाकरी केलेल्या फरजल्लाने अंत्रे काढली; ती व हृदय एका झाडाखाली पुरण्यात आले. मीठ घालून देह पंधरवडाभर उन्हात वाळविला, मग कापड, झाडाची साल आणि शिडाचे कापड यांत गुंडाळून वर डांबर चोपडले. शरणपूरचा जेकब वेनराइट हा १८७२ मध्ये पत्रकार स्टॅन्लेने किनाऱ्यावरून पाठविलेल्या मदतीच्या तुकडीतून आला होता. त्याने मृताच्या सामानाची यादी केली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली.

वाटेत उन्यान्येम्बे येथे गाठ पडलेल्या, लिव्हिंग्स्टनच्याच मदतीस निघालेल्या लेफ्टनंट कॅमेरॉनने प्रेत तेथेच पुरण्याचा सल्ला दिला. हमालांनी तो मानला नाही. पुढे कासेकेरा गावात विरोध झाला तेव्हा त्यांनी धान्याच्या ताटांची खोटी मोळी बांधून ती दफनासाठी माघारी पाठविल्याचा देखावा केला, आणि खरे प्रेत कापडाच्या गाठोड्यासारखे बांधून पुढे चालविले. १८७४ च्या फेब्रुवारीत ते बागामोयोस पोहोचले. लंडनच्या कोणत्याही समितीने इतकी काटेकोर मोहीम आखलेली मला माहीत नाही.

किनाऱ्यावर ब्रिटिश वकिलातीने त्यांना पगार चुकता करून निरोप दिला. वेस्टमिन्स्टर ॲबेमधील अंत्ययात्रेत त्यांच्यापैकी एकटा जेकब वेनराइट होता, तोही मिशनच्या खर्चाने. चुमा व सुसी यांना नंतर बोलावून घेण्यात आले, तेव्हा समारंभ आटोपला होता. पुढे चुमा पूर्व आफ्रिकेतील नामांकित तांडाप्रमुख झाला. १८७९ च्या मोहिमेत प्रमुख कीथ जॉन्स्टन मरण पावल्यावर विशीतल्या जोसेफ थॉमसनचा सारा कारभार त्याच्याच भरवशावर चालला. शरणपूरच्या आफ्रिकी वस्तीतले पुष्कळ लोक १८७५ मध्ये मोंबासाशेजारच्या फ्रिअरटाउनला स्थायिक झाले. त्या गावास नाव मिळाले तेही आपल्याच गव्हर्नराचे.

चितांबोचे ते ठिकाण आज झांबियात आहे. १९०२ मध्ये तेथे स्मारकस्तंभ उभारण्यात आला. जवळच कासांका नावाचे लहानसे राष्ट्रीय उद्यान आहे, लुसाकाहून सुमारे ५०० किलोमीटरांवर, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तेथे लक्षावधी फलाहारी वटवाघळे उतरतात, म्हणून बहुतेक प्रवासी त्या हंगामातच येतात. सांजवेळी वटवाघळे पाहावयाची आणि दुसऱ्या दिवशी परत फिरावयाचे, असा बहुतेकांचा बेत असतो. मराठी प्रवाशाने त्या बेतात आणखी एका दिवसाची तरतूद करावी, आणि स्तंभापर्यंत जाऊन यावे. तेथून समुद्रापर्यंत देह वाहून नेणाऱ्यांतले काहीजण नाशिकचे होते.