फेणी

गोव्यातील एक पारंपरिक मद्य. काजूच्या बोंडांच्या रसापासून किंवा माडाच्या सुरेपासून ऊर्ध्वपातनाने ते तयार करतात. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणले. त्यामुळे माडाची फेणी बहुधा अधिक जुनी असावी. सुमारे मार्च ते मे या काळात काजूच्या बागायतीतच कुटुंबे भाटी लावतात. गळून पडलेल्या बोंडांचा रस (नीरो) आंबवून भांड्यात उकळतात व वाफ थंड करतात. पहिल्या धारेचा सौम्य उर्राक त्याच मोसमात संपतो. तो नीऱ्यासह पुन्हा गाळला की फेणी होते. तीव्रता ‘ग्राव’मध्ये मोजतात, तथापि जाणता भाटीकार ती फेसावरूनच ओळखतो. नावही फेसावरूनच आले, असे मानतात.

हा घरगुती धंदा टिकला, याचे श्रेय चवीपेक्षा राजकीय सीमेला अधिक द्यावे लागते. ब्रिटिश मुलखात १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर गावोगावच्या भट्ट्या बंद पडून गाळप मध्यवर्ती कारखान्यांत एकवटले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने तर मद्यनिर्मितीवरच सर्वसाधारण बंदी घातली. १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमलाखालील गोव्याला ही दारूबंदी लागू नव्हती. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक उपदर्शन मिळाले. सीमेपलीकडे सिंधुदुर्गात मात्र बी काढल्यावर बरीचशी बोंडे झाडाखालीच कुजतात.