ठोकल्यानंतरचा कायदा : एक प्रस्तावना

निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात दोन गाड्या एकमेकींना घासल्या की निकाल लागायला पाच मिनिटे पुरतात. मागून ठोकले तर मागच्याची चूक. दुचाकी आणि मोटार असेल तर मोटारवाल्याची. मोटार आणि ट्रेलर असेल तर ट्रेलरवाल्याची, आणि पाटी परराज्यातली असेल तर विचारायलाच नको. गर्दीचे हे न्यायशास्त्र अगदीच टाकाऊ नाही, त्यात रस्त्याचा अनुभव मुरलेला आहे. पण ते एकाच प्रश्नाशी थांबते : चूक कोणाची? मोटार अपघात भरपाईचा कायदा तिथून पुढे निघतो. त्या चुकीला जबाबदार कोण आणि पैसे भरणार कोण, हे त्याला हवे असते. ही सगळी माणसे बहुधा वेगवेगळी निघतात. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाने एवढे मनाशी धरले तरी पुढचे बरेच निकाल उलगडत जातील.

विषय समजून घ्यायला निगडीइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. देहूरोडकडून येणारा जुना मुंबई–पुणे रस्ता इथे शहरात शिरतो, स्पाईन रस्ता मोशीच्या दिशेने फुटतो, ट्रान्सपोर्टनगरी जवळच आहे आणि तळवडे-चाकणकडे कामगारांच्या बस आणि कंटेनर दिवसरात्र धावतात. १९७२ साली स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने आखलेल्या पेठांतले रस्ते मात्र रुंद आणि शांत आहेत, म्हणून तिथे गाड्या वेगात असतात. इथल्या एका धडकेत चालक ठेकेदाराचा, गाडी ट्रान्सपोर्टरची, माल कारखान्याचा, विमा तिसऱ्याच कंपनीचा आणि जखमी माणूस चौथ्या कंपनीचा कंत्राटी कामगार असू शकतो. 'चूक कोणाची' हे ठरले तरी अर्धे कामही झालेले नसते.

सुरुवात मी एका जुन्या मोटारीपासून करतो. डिसेंबर १९६० मध्ये नागपूरहून पांढुर्ण्याला निघालेली एका जिनिंग कंपनीची मोटार रस्ता सोडून उजव्या बाजूच्या झाडावर आदळली. गाडी कंपनीचा व्यवस्थापक चालवत होता. सोबतचा प्रवासी दगावला. नेमके काय झाले हे सांगणारा साक्षीदार नाही, मग निष्काळजीपणा सिद्ध कोणी आणि कसा करायचा? उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मोकळ्या रस्त्यावरची मोटार विरुद्ध बाजूच्या झाडावर आपोआप जात नाही. ही घटनाच पुरेसे बोलते, आणि चूक नव्हती हे दाखवण्याचे ओझे आता दुसऱ्या बाजूवर. पुढे असेही ठरले की व्यवस्थापक कंपनीच्या कामानिमित्त गाडी चालवत होता, म्हणून चूक त्याची असली तरी जबाबदारी कंपनीची. चूक आणि जबाबदारी यांची ताटातूट शिकवायला याहून सोपा धडा माझ्या माहितीत नाही.

गंमत अशी की त्याच वर्षी, मुंबईहून आलेल्या दुसऱ्या एका खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने हात आखडता घेतला. सार्वजनिक जागी वाहन आणणाऱ्या मालकाने चूक असो वा नसो भरपाई द्यावी, ही मुंबई उच्च न्यायालयाची उदार भूमिका त्याने नाकारली : निष्काळजीपणा दाखवल्याशिवाय भरपाई नाही. मला हा निकाल आजही कोता वाटतो. संसदेलाही बहुधा तसेच वाटले असावे, कारण १९८२ मध्ये १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ९२-अ घालून चूक न विचारता द्यायची रक्कम ठरवण्यात आली : मृत्यूसाठी १५,००० रुपये, कायमच्या अपंगत्वासाठी ७,५००. सध्याच्या १९८८ च्या कायद्यात ही तरतूद वाढत वाढत, १ एप्रिल २०२२ पासून, मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाखांवर आली आहे.

या १५,००० रुपयांवरूनच आपल्या रस्त्यावरचा सगळ्यात विचार करायला लावणारा वाद उभा राहिला. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे पुणे–बंगळूर महामार्गावर सातारा जिल्ह्यात कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याखाली जाऊन कलंडला, पेट्रोल गळू लागले. सुमारे चार तासांनी, लोक जवळ जमलेले असताना, स्फोट झाला आणि काही जण भाजून मेले. मालक आणि विमा कंपनीचे म्हणणे असे की टँकर तर केव्हाच निकामी होऊन पडला होता. तो 'वापरात' कुठे होता? आणि टक्कर पहाटेची, मृत्यू सकाळी सातनंतरचा, मग हा मोटार अपघात कसा? युक्तिवाद वरवर चोख आहे. त्यातली खोच अशी की 'वापर' म्हणजे चाके फिरणे एवढाच अर्थ घेतला तर रात्री बंद पडून उभा असलेला प्रत्येक ट्रेलर कायद्याच्या बाहेर पडतो. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ घेतला नाही. उभे किंवा उलटलेले वाहनही वापरातले असू शकते. टक्कर, गळती आणि स्फोट ही एकाच घटनेची साखळी आहे. आणि अपघात वाहनाच्या वापरातून 'उद्भवला' असे कायदा म्हणतो तेव्हा त्याला 'त्यानेच थेट घडवला' यापेक्षा सैल नाते पुरते. चाकण रस्त्याच्या कडेला रिफ्लेक्टर न लावता उभ्या केलेल्या गाडीवर कोणी आदळला, की वकील आजही या निकालापर्यंत पोचतात.

आता वाटणीचा प्रश्न. इंग्लंडमध्ये १८४२ साली पाय बांधून रस्त्यावर सोडलेल्या एका गाढवाला घोडागाडीने चिरडले. मालकाने गाढव रस्त्यावर सोडायला नको होते हे खरे, पण गाडीवानाला टाळण्याची शेवटची संधी होती म्हणून सगळी भरपाई त्याच्यावर पडली. 'सगळे किंवा काहीच नाही' हा हिशेब आपण मागे टाकला आहे. आता चुकीची टक्केवारी काढतात, आणि खरी भांडणे तिथेच होतात. मागून ठोकणाऱ्याचीच चूक, हा चौकातला नियम घ्या. वाहनांमध्ये पुरेसे अंतर ठेवायचे बंधन आहेच. पण जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोइमतूरच्या एका अपघातात महामार्गावर इशारा न देता एकदम ब्रेक दाबणाऱ्या मोटारचालकाला ५० टक्के, मागून येणाऱ्या बसला ३० टक्के आणि मोटारीवर आदळून पडलेल्या दुचाकीस्वाराला २० टक्के जबाबदार धरले. दुचाकीवर तिघे होते म्हणून भरपाई कापा, हेही चालत नाही. २०२० च्या एका निकालाप्रमाणे तिघे बसणे हा नियमभंग खरा, पण त्यामुळे अपघात झाला किंवा दुखापत वाढली हे दाखवावे लागते. नियम मोडणे आणि अपघाताला कारण होणे या दोन गोष्टी आहेत, आणि पोलीस ठाण्यात त्या सर्रास एकत्र होतात.

टक्क्यांची किंमत आकड्यांत पाहिली म्हणजे भांडण का पेटते ते कळते. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या दोन निकालांनी मृत्यूच्या दाव्यांना सूत्र दिले. समजा, ३० वर्षांचा कंत्राटी कामगार, महिना २०,००० रुपये पगार, घरी बायको, दोन मुले आणि आई. भावी वाढीचे ४० टक्के धरून २८,०००, स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करून २१,०००, वर्षाचे २,५२,०००, वयानुसार गुणक १७. एकूण ४२,८४,००० रुपये, किरकोळ शीर्षे सोडून. हाच माणूस कायम कामगार असता तर भावी वाढ ५० टक्के धरली गेली असती आणि रक्कम ४५,९०,००० झाली असती. तीन लाखांचा हा फरक रस्त्याने नव्हे, नेमणूकपत्राने केला. औद्योगिक पट्ट्यातल्या अभ्यासकाने त्यावर थांबून विचार करायला हवा. आणि मृताची २५ टक्के चूक ठरली तर पहिल्या रकमेतून १०,७१,००० गेले. विमा कंपनीचा वकील स्पॉट पंचनाम्यातल्या टायरच्या खुणांवर तासभर उलटतपासणी का करतो, याचे उत्तर या एका वजाबाकीत आहे. मृत माणूस कामगारांच्या बसमध्ये निव्वळ प्रवासी असता तर मात्र ही वजाबाकी लागू नव्हती. दोन वाहनांच्या चुकीत तिसरा मेला तर त्याचे वारस दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतात. त्या दोघांनी आपसात काय ते पाहावे. २०१५ पासून यावर वाद उरलेला नाही.

पैसे भरणाऱ्याचा प्रश्न त्या मानाने कोरडा, पण व्यवहारात सगळ्यात जास्त माणसे त्यातच अडकतात. गाडी विकली, पैसे घेतले, आरसीवरचे नाव बदलायचे राहिले. पुढे तिसऱ्या मालकाने कोणाला उडवले तर नोटीस जुन्याच्या दारात येते, कारण २०१८ च्या निकालानुसार नोंदणीतला मालक तोच मालक. टेम्पोचालकाकडे हलक्या वाहनाचा परवाना आहे, स्वतंत्र व्यापारी शेरा नाही, म्हणून विमा नाकारता येईल का? ७,५०० किलोपर्यंत येत नाही, असे घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले, आणि छोट्या मालवाहतूकदारांनी निःश्वास सोडला. विम्याची अट मोडलेली असली तरी अनेकदा कंपनीला 'आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा' असे सांगितले जाते. जखमीच्या दृष्टीने हे बरे; मालकाला मात्र आपण सुटलो असे उगाच वाटते.

एक उणीव सांगून ठेवतो. आपले सगळे अपघात-साहित्य मृत्यू आणि अपंगत्वाभोवती फिरते. १९८८ च्या कायद्याने तिसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी विम्याची सक्ती अवघ्या ६,००० रुपयांपुरती ठेवली होती. मोटारींच्या पॉलिसीत ती मर्यादा पुढे साडेसात लाखांपर्यंत आली, पण अभ्यास मागेच राहिला. बंपर, हेडलाइट, डेंटिंग-पेंटिंग यांची भांडणे चौकात मिटतात, नाहीतर सर्व्हेअरच्या अहवालात विरतात. नो-क्लेम बोनस जाऊ नये म्हणून लोक दोन-पाच हजारांत मांडवली करतात आणि फोटोसुद्धा काढत नाहीत. आठवड्याने मान दुखू लागली, की हाताशी पुरावा काहीच नसतो. पोलिसांचा पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे जावा असे २०२२ चे नियम सांगतात. दाव्याची सहा महिन्यांची मुदतही त्याच वर्षी परत आली. १९९४ मध्ये काढून टाकलेली ही मुदत का परत आणली, हे मला पटलेले नाही, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेलाही आहे.

सगळ्यात कमी लिहिले गेले आहे ते रस्त्याबद्दल. दाव्यात चालक, मालक आणि विमा कंपनी प्रतिवादी असतात. बंद पडलेला सिग्नल, अर्धवट दुभाजक किंवा कामासाठी लावलेले बॅरिकेड नसते. २०१९ च्या दुरुस्तीने सदोष रस्त्यासाठी ठेकेदार आणि यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड ठेवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्याने झालेल्या मृत्यूसाठी सहा लाख आणि जखमांसाठी ५०,००० ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून ती जबाबदार अधिकारी आणि ठेकेदारांकडून वसूल करण्याचा मार्ग दाखवला. पण न्यायाधिकरणापुढच्या टक्केवारीत रस्त्याचा वाटा कसा धरायचा, चालकाचे ३० टक्के आणि खड्ड्याचे ७० असे म्हणता येईल का, आणि म्हटले तर ते ७० कोणत्या खात्यातून निघणार, यावर नीट लिहायला कोणीतरी हवे आहे. नव्या अभ्यासकाने सुरुवात इथूनच करावी, असा माझा आग्रह आहे.