एका बाराचा हिशेब : गडावरील दारूखाना आणि कारखानीस

घोडखिंडीची कथा ऐकल्यावाचून आपल्या ज्ञातीतील एकही मूल लहानाचे मोठे झाले नसेल. १६६० च्या जुलै महिन्यात, ऐन आषाढात, सिद्दी जौहराच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले. बाजी प्रभूंनी खिंड अडवून धरली, आणि महाराज सुखरूप पोहोचल्याची खूण म्हणून गडावरून तोफांचे बार झाले तेव्हाच त्या वीराने प्राण सोडले, असे परंपरा सांगते. वर्षानुवर्षे आपण या प्रसंगाचे स्मरण करतो, आणि ते उचितच आहे. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मनात या कथेतील एका साध्या गोष्टीने कित्येक वर्षे घर केले आहे. आषाढातला पाऊस, सह्याद्रीचे धुके, भिंतींना आलेली ओल, आणि अशा दिवसांत बत्ती लागताच तोफ उडाली! ती दारू कोरडी कोणी ठेवली होती? ती कोणाच्या हिशेबात जमा होती आणि कोणाच्या हातून खर्ची पडली? खिंडीतील तलवारीचे पोवाडे झाले; दारूखान्यातील त्या अनाम माणसाच्या वाट्याला एक ओळही आली नाही. त्याच्या कामाची थोडीशी ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत गडांच्या व्यवस्थेचे वर्णन आले आहे. गडावर हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस असे अधिकारी असत. त्यांपैकी कारखानीस हा प्रभू असावा, असा नेम होता. एकाच्या हाती सर्व सत्ता जाऊ नये आणि एकाच्या कामावर दुसऱ्याची नजर राहावी, अशी ही रचना होती. कारखानिसाकडे गडाच्या सामग्रीचा, म्हणजे धान्यापासून युद्धसाहित्यापर्यंतच्या जिनसांचा हिशेब असे. आज आपल्यांतील कित्येक कुटुंबे ‘कारखानीस’ हे आडनाव लावतात. पण त्या नावात केवढी जबाबदारी साठलेली आहे, याची कल्पना नव्या पिढीला क्वचितच असते.

बंदुकीच्या दारूचे घटक तीन : सोरा, गंधक आणि कोळसा. शुक्रनीतीच्या उपलब्ध पाठात सोरा ५ भाग, गंधक १ भाग आणि रुई-निवडुंगासारख्या झाडांचा कोळसा १ भाग असे एक प्रमाण दिलेले आहे. हा भाग पुष्कळ उत्तरकालीन असावा, असे संशोधकांचे मत आहे. इंग्रजांनी पुढे रूढ केलेले प्रमाण शंभर भागांत सोरा ७५, कोळसा १५ व गंधक १० असे होते. कोणतेही प्रमाण घेतले तरी एक गोष्ट स्पष्ट दिसते : दारूची किंमत म्हणजे मुख्यतः सोऱ्याची किंमत. कोळसा रानात मिळे. गंधक बाहेरून आणावे लागे, पण ते थोडे लागे. सोरा मात्र मणावारी लागे. जुन्या गावठाणांची, गोठ्यांची आणि पडक्या भिंतींची खारवट माती पाण्यात भिजवून, ते पाणी गाळून, आटवून त्याचे स्फटिक काढावे लागत. देशावरही हे काम होत असे. परंतु सर्वांत मोठा आणि उत्तम साठा बिहारात, पाटण्याच्या आसमंतात होता. तेथे नोनिया ज्ञातीचे लोक पिढ्यान् पिढ्या हाच धंदा करीत आले होते.

आता एका बाराचा हिशेब मांडून पाहू. ठासणीच्या बंदुकांचे तोंड लहानमोठे असे, त्याप्रमाणे भरतीही कमीजास्त होई. तुलनेसाठी इंग्रज पायदळाच्या बंदुकीचे माप घेतले, तर अठराव्या शतकाच्या अखेरीस एका काडतुसात सुमारे १६५ ग्रेन दारू असे. आपल्या तोळ्याचे वजन १८० ग्रेन धरतात. म्हणजे एका बाराला तोळ्याहून किंचित कमी दारू लागे, आणि ८० तोळ्यांच्या शेरात सुमारे ८७ बार होत. त्याच बाराच्या शिशाच्या गोळीचे वजन मात्र सुमारे पावणेतीन तोळे भरे. शंभर बंदुकवाल्यांनी प्रत्येकी वीस बार केले, तर दारू सुमारे २३ शेर आणि शिसे सुमारे ६८ शेर खर्ची पडे. याखेरीज तोड्याच्या बंदुकीचा एक छुपा खर्च असे. बार होवो अगर न होवो, शत्रू समोर असेपर्यंत तोड्याची वात जळतच राही. तिचा हिशेब न ठेवणारा कारखानीस अर्धाच हिशेब ठेवणारा म्हणावा लागेल.

तोफेची गोष्ट निराळी होती. बारा पौंडी गोळ्याच्या तोफेला त्या काळी इंग्रजांच्या तोफखान्यात चार पौंड दारूची भरती रूढ होती. चार पौंड म्हणजे सुमारे दोन शेर. तोफेचा एक बार म्हणजे बंदुकीच्या १७० बारांची दारू! अशा एका तोफेने दिवसभरात पन्नास बार केले, तर जवळजवळ अडीच मण दारू धुरात जाई. म्हणून सलामीचा, खुणेचा किंवा निव्वळ दहशत घालण्यासाठी केलेला प्रत्येक बार कोठारातून काही तरी घेऊन जात असे. विशाळगडावरील खुणेच्या बारांना गोळ्याची गरज नव्हती, पण दारूची होती. आणि ती अशा दिवसांत खर्च झाली की पावसाळा संपेपर्यंत तिची भरपाई होणे कठीण.

पैशाच्या रूपाने हिशेब पाहावयाचा तर इंग्रजांच्या कागदांत एक बोलका दाखला सापडतो. १६९३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला जी सनद मिळाली, तीत दरसाल ५०० टन सोरा सरकारला पुरविण्याची अट होती. भाव ठरला तो असा : शांततेच्या काळात टनाला ३८ पौंड १० शिलिंग, आणि युद्धकाळात ४५ पौंड. टनाचे २२४० पौंड वजन धरून गणित केले, तर शांततेत एका पौंड सोऱ्याला चार पेन्सहून थोडे अधिक आणि युद्धात पावणेपाच पेन्सहून थोडे अधिक पडतात. बंदुकीच्या बाराला लागणारा सोराच पाहिला, तर शांततेच्या भावाने एका पेनीत तेरा-चौदा बार निघत. युद्धाच्या भावाने अकरा-बाराच निघत. बारा पौंडी तोफेच्या एका बारातील सोऱ्याची किंमत शांततेत एका शिलिंगाहून थोडी अधिक, आणि युद्धात सुमारे साडेचौदा पेन्स पडे.

एका बाराला हा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु शेकडा सतरा हे प्रमाण हजारो मणांवर पसरले, म्हणजे त्यातून एखाद्या पथकाचा पगार भागेल. आणि हा भाव अगोदर करार करून ठेवलेल्या गिऱ्हाइकाचा होय, हे विसरता कामा नये. ज्याने करार केला नाही, ज्याच्या दाराशी शत्रू येऊन ठेपला आहे आणि ज्याचे कोठार रिकामे आहे, त्याने भाव विचारावयाचाच नसतो; विकणारा सांगेल तो द्यावयाचा असतो. स्वस्त दारूचे पहिले रहस्य येथेच आहे. ती घासाघीस करून स्वस्त होत नाही; वेळेवर घेतल्याने स्वस्त होते.

दुसरे रहस्य जिनसाच्या पारखीत आहे. सोरा नीट शुद्ध केलेला नसला, तर त्यात साधे मीठ राहते. मीठ हवेतील ओल ओढून घेते. अशा सोऱ्याची दारू पावसाळ्यात चिकट होते आणि रंजक पेटूनही बार होत नाही. मणामागे चार पैसे वाचविणाऱ्याला ते पैसे अखेर रणांगणावर फेडावे लागत. दारू नुसती भुकटीच्या रूपात असली, तर वाहतुकीतील हादऱ्यांनी तिचे घटक वेगळे होत. दाणेदार केलेली दारू हे दोष टाळी आणि जोरानेही उडे. म्हणून दोन्हींचा भाव शेरावर पाहून चालत नसे. शेरात बार किती निघतात, हे पाहावे लागे. दर वजनाचा, पण मोल बाराचे, हे ज्याला उमगले तोच खरा जाणता कारखानीस.

तिसरे रहस्य जपणुकीचे. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त गडावरील दारूखान्याविषयी मोठ्या बारकाईने सांगितले आहे. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, त्यात ओल शिरू देऊ नये, आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने येऊन दारू व बाण बाहेर काढावेत, त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून बंदोबस्ताने ठेवावे, असा त्या आज्ञेचा आशय आहे. हा केवळ सावधगिरीचा उपदेश नव्हे. हा अर्थशास्त्राचा धडा आहे. भिजून फुकट गेलेला शेर म्हणजे सत्त्याऐंशी बार न उडवताच हरवले. महाराजांनी चिपळुणाजवळील छावणीच्या जुमलेदारांना लिहिलेल्या सुप्रसिद्ध पत्रातही हीच दृष्टी दिसते. दाणा-वैरण पावसाळा संपेपर्यंत पुरवून वापरा, दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल याचेही भान ठेवा, असे बजावणारा राजा दारूच्या चिमटीचाही हिशेब मागणारच.

या शिस्तीचे महत्त्व दोन घटनांनी ठसते. पहिली १७५८ मधील. प्लासीनंतर मीर जाफराकडून कंपनीने बिहारच्या सोऱ्याचा मक्ता मिळविला. जगातील एक उत्तम साठा अशा रीतीने एका व्यापारी कंपनीच्या मुठीत गेला, आणि हिंदुस्थानातील इतर सत्तांना त्या बाजारात तिच्या मर्जीने वागणे भाग पडले. महादजी शिंद्यांसारख्या द्रष्ट्या सेनानीने हे मर्म ओळखले होते असे दिसते. त्यांच्या फौजेसाठी द बॉयन्याच्या व्यवस्थेखाली आग्र्यास तोफा ओतण्याचा व बंदुका घडविण्याचा कारखाना चालला. सँगस्टर नावाच्या स्कॉच कारागिराच्या हाताखाली तेथे सुमारे दहा रुपयांत उत्तम बंदूक तयार होई, असे इतिहासकार सांगतात. दुसऱ्याच्या दुकानावर अवलंबून न राहता आपले आपण करणे, हाच सर्वांत स्वस्त सौदा असतो.

दुसरी घटना १८१८ मधील. त्या वर्षीच्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफखान्याने रायगडावर मारा केला. एक गोळा दारूखान्यावर पडला, कोठार उडाले, आणि त्या आगीत राजधानीच्या वाड्यांची राख झाली. १० मे १८१८ रोजी गड शत्रूच्या स्वाधीन झाला. जी दारू वर्षानुवर्षे जपली, उन्हात वाळविली, मोजून ठेवली, तिनेच अखेर आपले घर जाळले. दैवाचा हा खेळ वाचताना मन विषण्ण होते.

या सर्व कामात आपल्याच ज्ञातीचा मान होता, असे म्हणण्याचा हेतू नाही. मातीतून सोरा काढणारा नोनिया, पाठीवर ओझे घेऊन गड चढणारा हमाल, भरतीचा गज ठासणारा आणि बत्ती देणारा गोलंदाज, यांच्यावाचून एकही बार झाला नसता. आपल्या पूर्वजांच्या वाट्याला त्यातील वहीचे काम आले, आणि ते त्यांनी इमानाने केले. वही लिहिणाऱ्याचे पोवाडे होत नाहीत. पण वही चुकली तर पोवाडा होण्याजोगा प्रसंगही हातचा जातो.

आता शेवटची एक विनंती. आपल्यांतील अनेक जुन्या घरांत माळ्यावर, फडताळात किंवा देवघरामागे मोडी कागदांचे रुमाल पडून आहेत. त्यांत पराक्रमाच्या कथा नसतात. शेर, अडशेर, मण, रुपये आणि आणे असतात. म्हणून घर बदलताना ते रद्दीत जातात, किंवा कसर त्यांचा निकाल लावते. वाचक बंधुभगिनींनो, गडावर दारू किती आली, कोणत्या भावाने आली, किती वाळविली आणि किती उडाली, हे सांगणारा कागद अशाच एखाद्या रुमालात असू शकेल. तो पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या, १९१० पासून हेच कार्य करीत आलेल्या संस्थेकडे सोपवावा, किंवा निदान मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावा. दर पंधरा दिवसांनी दारूला ऊन देणाऱ्यांचे आपण वंशज आहोत. त्यांच्या वह्यांना वर्षातून एकदा तरी ऊन दाखविणे, एवढे ऋण आपल्याला खचित फेडता येईल.